धाग्याचा स्वभाव ओळखा, मग पातं निवडा

आज बोलूया पात्यांबद्दल, आणि सुरुवात आपल्या खामगावातून.

१८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो मुख्यतः कापसासाठी. इथल्या जिनिंगमध्ये डोकावून बघा. रोलरला टेकून एक लोखंडी पट्टी असते. तिला नाइफ म्हणतात, पण तिचं काम कापायचं नाही बरं का! रोलर रुई ओढतो, पट्टी सरकी अडवते. धागा तुटला, आखूड झाला, तर भाव कमी.

आता उलटी गोष्ट. आयटीआय करून तुम्ही सुरक्षा हातमोजे किंवा बुलेटप्रूफ जाकिटांच्या कारखान्यात कटिंगला लागलात, तर समोर येतो केवलार. १९६५ मध्ये ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या तंतूतून तो पुढे तयार झाला. इथे धागा कापायचाच आहे, पण तो सहज कापला जात नाही. साध्या कात्रीत तो घसरतो, दुमडतो, उभा चिरत जातो आणि कडेला झिपऱ्या सुटतात.

मग काय करायचं? बारीक दाते असलेली कात्री घ्या. दाते धागा धरून ठेवतात, समोरची धार कापते. थर जास्त असतील तर टंगस्टन कार्बाइडचं पातं. त्याची धार जास्त टिकते, पण ते ठिसूळ असतं. आपटलं की टवका उडतो. कापड ताणून, घट्ट धरा. ही कात्री दुसऱ्या कशाला वापरू नका.

गरम पातं चालेल का? नायलॉनला चालतं, कड वितळून बंद होते. केवलार वितळतच नाही, तो करपतो. पॉलिथिलीनचा बुलेटप्रूफ धागा मात्र साधारण १४५ अंशाला वितळतो. तिथे उष्णता जास्त झाली तर कडेची ताकद जाते. म्हणजे दोन्ही धागे बुलेटप्रूफ, पण स्वभाव वेगळे.

आणि हो, कापताना तंतूंची धूळ उडते, मास्क लावा. आधी तुकड्यावर कापून बघा. कड विस्कटली तर पातं बदला, जोर वाढवू नका. जोर लावला की हात घसरतो.

शेवटी, कड नीट नसेल तर शिवण उसवते. ते जाकीट कुणीतरी जिवाच्या भरवशावर घालणार आहे. एवढं लक्षात ठेवा.

भेटू पुढच्या भागात!