नाण्याच्या परतीची वाट

ऑक्टोबर 2018 मध्ये बेंगळुरूच्या केम्प फोर्ट मॉलमध्ये एक यंत्र उभे राहिले. युनोकॉइन या त्याच शहरातील कंपनीचे ते यंत्र. ग्राहकांनी त्यात रोख रुपये भरावेत आणि आपल्या खात्यातील रुपये त्यातूनच काढून न्यावेत, अशी योजना होती. थोड्याच दिवसांत पोलिसांनी ते जप्त केले. कंपनीच्या दोघा संस्थापकांना अटक झाली. परंतु ज्या अडचणीतून ते यंत्र जन्मास आले, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना कूटचलनाच्या व्यवहारांपासून दूर राहावयास सांगितले होते. नाणे जगभर फिरत होते. त्याचा रुपया होऊन खिशात पडण्याची वाट तेवढी बंद झाली होती. पुढे 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले.

ऑनलाइन जुगारात जिंकलेले कूटचलन हाती यावयास विलंब का लागतो, याचे मर्म या लहानशा प्रसंगात आहे. नाण्याच्या परतीच्या वाटेवर तीन दारे असतात, आणि विलंब कोणत्या दाराशी झाला हे ओळखणे हेच खरे शहाणपण.

पहिले दार खेळविणाऱ्याचे. पडद्यावर दिसणारी जिंकलेली रक्कम म्हणजे नाणे नव्हे. ती खेळविणाऱ्याच्या खतावणीतील एक नोंद असते. गोव्यात मांडवीच्या पात्रातील तरंगत्या कॅसिनोत खेळणारा माणूस टोकने खिडकीवर देतो आणि पैसे मोजून घेतो. येथे खिडकी नाही. मागणी आली की कोणी तरी ती तपासतो, ओळखपत्रे मागतो, बोनसच्या अटी पुढे करतो. हजार रुपयांच्या बोनसवर तीसपट डाव खेळण्याची अट असेल, तर तीस हजारांचे डाव लावल्यावाचून पैसे सुटत नाहीत. शिवाय नाण्यांचा मोठा साठा बहुधा इंटरनेटपासून तोडलेल्या तिजोरीत असतो. ती माणसाच्या हातानेच उघडावी लागते.

दुसरे दार साखळीचे. बिटकॉइनच्या वहीत सरासरी दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते. पानावर जागा मोजकी. जो अधिक शुल्क देईल त्याची नोंद आधी. डिसेंबर 2017 मध्ये अशी गर्दी उसळली, की एका व्यवहाराचे सरासरी शुल्क पन्नास डॉलरांच्या वर गेले. नोंदीवर आणखी पाने चढली म्हणजे ती पक्की मानावयाची; सहा पानांचा संकेत रूढ आहे, म्हणजे सुमारे एक तास. बिटकॉइन ही दर्शनी हुंडी नव्हे; तिला थोडी मुदत आहे. तथापि ही मुदत बहुधा मिनिटांची वा तासांची असते, आठवड्यांची नव्हे. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो सार्वजनिक वहीत कोणालाही पाहता येतो. खेळविणारा तो क्रमांक देऊ शकत नसेल, तर नाणे त्याच्या घरातून निघालेलेच नाही असे समजावे.

तिसरे दार रुपयाचे. मार्च 2023 पासून कूटचलनाचे विनिमय केंद्र काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आले आहे. पैसा कोठून आला, हे विचारणे त्याचे कर्तव्य ठरले. जुगाराच्या पत्त्यावरून आलेले नाणे तेथे अडू शकते.

या तिन्ही दारांबाहेर एक चौथे, खोटे दार आहे. “आधी कर भरा, मग रक्कम सुटेल,” असा निरोप येतो. गरजू माणूस अडकलेल्या पैशासाठी घरचा पैसा काढतो, आणि मागणी पुन्हा येते. सरकारचा कर सरकारच्या खात्यात भरावयाचा असतो, खेळविणाऱ्याच्या पाकिटात नव्हे. असा निरोप म्हणजे विलंब नव्हे, फसवणूक. तेव्हा 1930 या सायबर साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे; या कामी गेलेला प्रत्येक तास चोराच्या पदरी पडतो.

न्यायालयाचे दार उघडे असेल, ही आशाही फोल आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 30 सांगते, की पैजेचा करार शून्य आहे आणि पैजेत जिंकलेल्यासाठी दावा चालत नाही. खेळविणारा कुरासाव बेटासारख्या दूरच्या ठिकाणी असला, तर नोटीस बजावणेही दुरापास्त. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ चालविण्यावर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही. चालविणाऱ्याला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एमपीएल या बेंगळुरूच्या कंपनीने तेव्हाच आपले भारतातील पैशांचे खेळ थांबविले. जे उघड होते ते गेले. उरले ते बहुधा ज्यांना पत्ता नाही असे.

पूर्वीचा सावकार हुंडी स्वीकारण्याआधी लिहिणाऱ्याची पेढी पाहत असे. नाणे नवे झाले, वहीही नवी झाली. पेढी पाहण्याची गरज मात्र जुनीच राहिली. पैसा आत जाताना दार किती सहज उघडले, यावरून काही कळत नाही. ते बाहेरच्या बाजूस उघडते का, हे आधी पाहावे.