त्याच्या मनात शिरताना तिला विसरू नका

रोवणी आटोपली, बांधीत पाणी उभं आहे, दोन दिवस कंबरेला आराम मिळतो आहे. म्हणून आज बियाणं-खताचं, कर्जाचं काही बोलत नाही. आज सिनेमाचं बोलू या. पण सिनेमाचं बोलता बोलता आपल्या पोरींचं आणि पोरांचं बोलायचं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, रजिस्टर भरून झालं, पण पाऊस काही थांबेना. ज्या घरी बैठक होती तिथं टीव्हीवर 'डर' लागला होता. १९९३ सालचा, यश चोप्रांचा. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. जुही चावला म्हणजे किरण. तिचं सनी देओलशी लग्न ठरलेलं. आणि शाहरुख खान म्हणजे राहुल, तिच्या मागे लागलेला. फोन करतो, लपून बघतो, चाकूनं छातीवर तिचं नाव कोरतो, मेलेल्या आईशी फोनवर बोलत बसतो. किरणचं लग्न झालं तरी सोडत नाही. ती नवऱ्याबरोबर परदेशात जाते, तर तिथंही हा हजर.

आम्ही सगळ्या चूपचाप बघत होतो. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "बिचारा किती जीव लावते वं तिले!"

कोपऱ्यात बसलेली एक नवी सून पटकन बोलली, "काकू, तो जीव नाही लावत. तिच्या जिवावर उठला आहे."

सगळ्या हसलो. पण मला रात्री झोप आली नाही, कारण काकूंसारखंच मीही एकदा म्हटलं होतं.

मी तेव्हा दहावीत होते. आमच्या गावी चौकात व्हीसीआर आणून हाच सिनेमा लावला होता. अख्खं गाव पोत्यावर बसून बघत होतं. राहुल अडखळत किरणचं नाव घ्यायचा तेव्हा पोरं शिट्ट्या मारायची, आम्ही पोरीही हसायचो. शेवटी तो मरतो तेव्हा मला वाईट वाटलं होतं. किरणचं काय झालं असेल, ती पुढे कधी निवांत झोपली असेल का, हे डोक्यातही आलं नाही. मंडईच्या दिवसांत आपल्याकडे रात्रभर नाटकं होतात. तिथं खलनायक आला की बाया कडकडा बोटं मोडतात. पण या सिनेमात आम्ही खलनायकासाठी हळहळलो. असं का झालं असेल?

मला वाटतं, ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट दाखवतात त्याची बाजू आपल्याला आपली वाटायला लागते. सिनेमात राहुलचं एकटेपण दिसतं, त्याची आई नाही हे दिसतं, त्याचं रडणं दिसतं. किरण फक्त घाबरलेली दिसते.

असाच एक इंग्रजी सिनेमा २००७ साली आला होता, 'चॅप्टर २७' नावाचा. त्याची गोष्ट खरी आहे. जॉन लेनन हा जगभर गाजलेला गायक. ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये त्याच्या घराच्या दारात त्याला गोळ्या घातल्या. मारणारा मार्क चॅपमन. त्याच दिवशी संध्याकाळी लेननने त्याला गाण्याच्या रेकॉर्डवर सही करून दिली होती. सही घेऊन हा गेला नाही, तिथंच रात्रीपर्यंत थांबला. लेनन बायकोबरोबर परतला आणि यानं पाठीमागून गोळ्या झाडल्या. सिनेमात त्या माणसाचे तीन दिवस दाखवले आहेत, सगळे त्याच्याच डोक्यातून. तेव्हा लेननच्या चाहत्यांनी आवाज उठवला, की या माणसाला नाव हवं होतं, तुम्ही ते त्याला देता आहात. आणि पुढे तुरुंगातून सुटण्यासाठी अर्ज करताना चॅपमनने स्वतःच कबूल केलं, की मला प्रसिद्धी हवी होती.

आता तुम्ही म्हणाल, ते मोठ्या लोकांचं झालं, आपल्या भंडारा जिल्ह्यात त्याचं काय? सांगते.

१९८९ साली अमेरिकेत रिबेका शेफर नावाच्या एकवीस वर्षांच्या नटीला एका चाहत्याने तिच्या घराच्या दारात मारलं. बरीच वर्षं तो तिच्या मागे होता. त्यानंतर १९९० साली तिथल्या कॅलिफोर्निया राज्यात पाठलाग करणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा झाला. आणि त्याच १९९० साली आपल्या महाराष्ट्रात, उल्हासनगरला, दहावीचा पेपर लिहायला बसलेल्या मुलीला परीक्षा केंद्रात शिरून जाळलं. जाळणारा तिच्या मागे लागलेला होता. ती काही नटी नव्हती, आपल्यासारख्याच घरातली शाळकरी पोर होती. सगळं राज्य हादरलं. तरी पाठलागाचा वेगळा कायदा आपल्याकडे यायला २०१३ उजाडलं. त्याआधी दिल्लीत त्या मुलीवर बसमध्ये अत्याचार झाला, न्यायमूर्ती वर्मांची समिती बसली, तेव्हा कुठे.

आणि फार लांब कशाला? हिंगणघाट आपल्या विदर्भातलंच. ३ फेब्रुवारी २०२० ला सकाळी कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. सात दिवस झुंजून ती नागपुरात गेली. दोन वर्षांनी कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. पण तिचे आईबाप तर रिकाम्याच घरी परतले.

म्हणून सांगते, मारणाऱ्याचं मन समजून घ्यावं, जरूर घ्यावं. पण कशासाठी? हळहळायला नाही, वेळेवर ओळखायला. त्या मनात मला एक गोष्ट दिसते. त्याला समोरची बाई माणूस वाटतच नाही. ती त्याला आपली वस्तू वाटते. ती हसली तर माझ्यासाठी हसली, नाही म्हणाली तर कोणीतरी शिकवलं म्हणून म्हणाली. नकार त्याच्या कानात शिरत नाही. काहींचं मन खरंच आजारी असतं, त्यांना डॉक्टर लागतो. पण पुष्कळांना आजार नसतो, 'नाही' ऐकायची सवय नसते. ती सवय घरात लागत असते.

आता माझ्या मामेबहिणीचं सांगते. आम्ही दोघी शेजारच्या गावी सायकलने शाळेत जात होतो. एक पोरगा रोज मागे यायचा. कधी पुढे येऊन सायकल आडवी घालायचा. आठ दिवस तिनं सोसलं, मग घरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. त्याची नाही, तिची. गावातल्या मोठ्या माणसांनी बसून मिटवलं, आणि वर्षाच्या आत तिचं लग्न लावून दिलं. ती वर्गात पहिली यायची. आजही भेटली की म्हणते, "मी सांगितलं हेच चुकलं का वं?" मला तिच्याकडे बघवत नाही.

मैत्रिणींनो, पोरीनं सांगितलं की तिची शाळा बंद, हे पोरींना माहीत आहे. म्हणून तर त्या सांगत नाहीत.

तर कामाच्या चार गोष्टी. लिहून घ्या, नाहीतर मुलीला लिहायला सांगा.

पहिली. बाईनं नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे येणं, बोलायचा प्रयत्न करणं, मोबाईलवर तिच्यावर नजर ठेवणं हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ लागतं. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. पहिल्या वेळी जामीन मिळतो, हेही माहीत असू द्या. म्हणून तक्रार दिली की काम संपलं असं समजून पोरीला एकटी सोडू नका. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदाही लागतो.

दुसरी. मेसेज, मिस कॉल, चिठ्ठ्या रागानं पुसू-फाडू नका. तारीख-वार वहीत लिहून ठेवा. तोच पुरावा.

तिसरी. या कलमाखाली बाईची तक्रार महिला पोलिसानेच लिहून घ्यायची असते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला फुकट वकील मिळतो, त्यासाठी १५१०० लावा.

चौथी आपल्या गटाची. पोरगी सांगायला आली तर पहिला प्रश्न 'तू काय केलंस?' हा नको. पाच-सहाजणी तिच्याबरोबर पोलीस पाटलाकडे, ठाण्यात जा. शाळेच्या रस्त्यावर आळीपाळीनं सोबत करा. शाळा मात्र सुटू देऊ नका.

आणि शेवटचं पोरांच्या आयांना, म्हणजे मलाही, कारण मला दोन पोरं आहेत. आपण पोरीला शंभर गोष्टी शिकवतो. खाली बघून चाल, लवकर घरी ये. पोराला काय शिकवतो? मागितलं ते ताटात, रडला की हातात. एखादी पोरगी त्याला नको म्हणाली, तर त्यानं दुःख करावं, दोन दिवस जेवू नये, आईजवळ रडावं. पण तिच्या वाटेवर जाऊन उभं राहू नये. एवढं त्याला आपणच सांगायचं, आणि लहानपणापासून सांगायचं.

पुढच्या बैठकीत 'डर' पुन्हा लागला तर जरूर बघा. गाणी गोड आहेत. फक्त पडद्यावर तो दिसत असताना किरण कुठे आहे, काय करते आहे, तेवढं बघत राहा. मी बघितलं. सिनेमा साराच वेगळा दिसतो.

येते मैत्रिणींनो. धानाला निंदण लागायच्या आधी पुन्हा भेटू. नमस्कार.