दरजा भरताना



मध्यंतरी एका स्नेह्यांशी फोनवर बोलत होतो. सहज म्हणालो, "सध्या मागच्या भिंतीच्या दरजा भरतोय." ते म्हणाले, "अरे वा, भिंतीचासुद्धा दर्जा असतो का?" त्यांची चूक नाही. कानाला दोन्ही शब्द सारखेच लागतात आणि बांधकामाच्या अंदाजपत्रकांतही बिनदिक्कत 'दर्जा भरणे' असंच लिहिलेलं असतं. मूळ शब्द दरज. दोन विटांमधली, दोन दगडांमधली सांध्याची फट. तिच्यातला माल पावसापाण्यानं झिजला की तो उकरून काढायचा आणि नवा भरायचा. काम एवढंच. पण त्यात आमच्या घराची एक भिंत जायची वेळ आली होती, ती हकीकत सांगतो.

आमचं घर सातारा भागातलं. जोतं काळ्या दगडाचं, वर लाकडी खांबांमध्ये रचलेल्या भाजक्या विटा. मागची भिंत पश्चिमेला, म्हणजे पावसाचा सगळा मारा तिच्यावर. मी शाळेत असताना तिच्या दरजा पोकळ झाल्या होत्या. कुंभारीण माश्या त्यांत घरं करत. वडिलांनी हौसेनं नव्या दरजा भरून घेतल्या, त्या सिमेंटच्या आणि विटेच्या बाहेर दोरीसारख्या उठून दिसणाऱ्या. त्या काळी तीच फॅशन होती. आमच्याकडच्या दगडी भिंतींवर ती अजून आहे, आणि मला ती हाताच्या शिरा फुगल्यासारखी वाटते. गवंडी जाताना म्हणाला, "मास्तर, आता तीस वर्षं इकडं बघायला नको."

त्याचं बोलणं खरं ठरलं. तीस वर्षांनी दरजा जशाच्या तशा होत्या. विटा गेल्या होत्या. प्रत्येक वीट साबणाच्या वडीसारखी मधोमध खोल झालेली आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे उभी, मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखी. बोट लावलं की लाल भुकटी हातावर यायची.

असं का झालं? विटेची भिंत पाणी पिते. पावसाचं पिते, जोत्याखालून ओल चढते तीही पिते. प्यायलेलं पाणी उन्हाळ्यात तिला बाहेर टाकावं लागतं. दरज चुन्याची असली तर पाणी दरजेतून निघून जातं, कारण जुन्या चुन्यातून वाफ सहज जाते. दरजेत कडक सिमेंट बसवलं की ती वाट बंद. मग पाणी विटेतूनच बाहेर पडतं आणि येताना क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार विटेच्या कातडीमागे खड्यासारखे धरतात, फुगतात आणि तिचा पापुद्रा उडवतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो, आणि बहुतेकदा वीट कच्ची होती असं म्हणून मोकळे होतो. त्यात आणखी एक. ऊन-थंडीनं भिंत रोज हलते, केसाएवढीच, पण हलते. चुना तिच्याबरोबर थोडा हलतो. सिमेंट हलत नाही, विटेपासून सुटतं, आणि त्या बारीक भेगेतून पाणी आत शिरतं. बाहेर यायला मात्र त्याला तेवढी वाट मिळत नाही.

वहाणेचा तळ झिजायचाच असतो, तो झिजतो म्हणून पाय राहतो. दरजेचं तसंच आहे. ती विटेपेक्षा नरम हवी. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलं नाही. पैसे घालायचे तर माल मजबूत नको का? वडिलांनीही असाच विचार केला असणार.

पण पुण्याचा शनिवारवाडा पाहा. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला. तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. जोसेफ ॲस्पडिननं इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं ते १८२४ साली, म्हणजे पेशवाई बुडून सहा वर्षं झाल्यावर. तोवरचं आपलं बरंचसं पक्कं बांधकाम चुन्यावर उभं राहिलं. नव्या काँक्रीटच्या घराला सिमेंट हवंच, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण जुन्या भिंतीला तिचाच माल द्यावा.

मला हे शिकवलं ते एका म्हाताऱ्या गवंड्यानं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी हत्यार काढलंच नाही. एका कोपऱ्यात वडिलांच्या वेळचं सिमेंट पोचलं नव्हतं, तिथली जुनी दरज नखानं खरवडली. वरचा एक इंच चुना, त्याच्या आत माती. म्हणाले, "दादा, आत मातीवर बांधलंय. खोल गेलात तर भिंत अंगावर घ्याल." जुन्या वाड्यांत हे पुष्कळदा असतं; आत मातीचा माल आणि तोंडावर तेवढा चुना. उकरायचं किती, याचा ठोकताळा दरजेच्या रुंदीच्या दुप्पट. आमची दरज अर्धा इंच, तेव्हा आत एक इंच, त्यापलीकडे नाही.

उकरायचं छिन्नीनं आणि हलक्या हातोडीनं. मी ग्राइंडर आणतो म्हटलं, तर मामा चक्क हसले. आडव्या दरजा त्यानं निघतात, पण दोन विटांमधली उभी दरज जेमतेम विटेएवढ्या उंचीची. तिथे चकती वरच्या-खालच्या विटेला चरे पाडतेच. आणि हातानं उकरायचं तर वेळेचा हिशेब सोपा नव्हता. आजची प्रमाणित वीट एकोणीस सेंटिमीटर लांब, नऊ उंच, दरज एक सेंटिमीटर. गुणाकार केला तर भिंतीच्या शंभर चौरस फुटांत चौदा-पंधरा चौरस फूट नुसती दरज भरते. आमच्या विटा जुन्या मापाच्या, त्याहून पातळ, म्हणजे दरजा आणखी जास्त. काही ठिकाणी सिमेंट विटेला इतकं चिकटलं होतं की काढायला गेलं तर वीटच फुटायची. तिथे मामांनी ते तसंच राहू दिलं. मला ते खटकत होतं. आज वाटतं, बरोबर केलं.

चुना. भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, वाफा येतात. पोरांना लांब ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. विरलेला चुना आम्ही पाण्याखाली महिनाभर ठेवला, तेव्हा लोण्यासारखा झाला. भिंतीत गेल्यावर तो हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. त्याला वेळ लागतो, दिवसांचा नाही, महिन्यांचा.

मामांचं माप असं: एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी म्हणजे विटेची भुकटी, पण खंगर विटेची नको. जास्त भाजलेल्या विटेची भुकटी चुन्याशी जुळत नाही, बेताच्या भाजलेलीची जुळते आणि ओलीतही माल घट्ट धरते. वाळू धुऊन, चाळून. पूर्वी हा माल घाणीत मळत. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. कितीतरी किल्ल्यांवर ते चाक अजून पडलेलं दिसतं. आम्ही फावड्यानं आणि पायांनी मळला. गूळ, हिरडा, बेलफळ घालायचे का, असं हल्ली लोक फार उत्साहानं विचारतात. जुने लोक घालत, हे खरं. पण चुना मुरलेला नसेल आणि वाळूत माती असेल तर गुळाच्या ढेपा ओतून काही होत नाही.

भिंत आदल्या संध्याकाळी भिजवली, सकाळी पुन्हा. ओली हवी, निथळती नको. कोरड्या विटांत माल भरला तर त्या त्यातलं पाणी ओढून घेतात आणि त्याची नुसती पूड उरते. अरुंद पट्टीनं माल आत दाबायचा, दोन वेळा, थोडा थोडा, आणि विटेच्या कडेपासून किंचित आत ठेवायचा. अंगठ्याचा ठसा जेमतेम उठेल इतका आवळला की ताठ कुंचल्यानं ठोकायचा. मग ओलं गोणपाट टांगून आठवडाभर सावली. म्हणून हे काम दिवाळीनंतरचं. पावसात चालत नाही आणि वैशाखात तर नाहीच.

काही विटा इतक्या खोल गेल्या होत्या की दरज भरून उपयोग नव्हता. मामांनी त्या अलगद मोकळ्या केल्या, पाण्यात बुडवल्या आणि उलट्या फिरवून बसवल्या. आतली बाजू कोरी करकरीत निघाली. दोन-तीन विटांवर तर थापताना उमटलेले बोटांचे ठसे होते. ते आता बाहेरच्या अंगाला आहेत.