कुट्टीचे भाडे: आधी हिशेब, मग दर
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या विषयांत कडबा कुट्टीचे भाडे हा विषय पाहून काही जण हसले. निर्यातबंदी, हमीभाव सोडून हे काय काढले? पण सुगीत बांधावरून होत नाहीत इतकी भांडणे कुट्टीच्या मशीनवरून होतात. आणि भांडणारे दोघेही आपलेच. एकाच्या दारात ट्रॅक्टर, दुसऱ्याच्या रानात कडबा, बिल्ला दोघांच्याही छातीवर.

आपला सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मालदांडीचे एम 35-1 वाण मोहोळच्या केंद्रातून निघाले, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण घरचा माणूस जाणतो, ज्वारी कधी कधी दाण्यापेक्षा कडब्यासाठी पेरावी लागते. दाणा पडला तरी कडबा सावरतो. हा कडबा अख्खा टाकला तर जनावर पाला खाते, वरचा शेंडा खाते आणि बुडखा तुडवून टाकते. माझ्या अंदाजाने चार पेंढ्यांतली एक गव्हाणीतच राहते. कुट्टी केली की ती वाचते. म्हणून मशीन हवे, आणि ते प्रत्येकाच्या दारात असू शकत नाही.

आता दर कसा ठरतो? पलीकडचा 800 घेतो म्हणून हा 800 घेतो. पलीकडच्याला विचारावे, तर त्याने तिसऱ्याचे ऐकलेले असते. पहिल्याने कुठून काढला, कुणाला माहीत नाही.

आपण कागदावर मांडू. आकडे धरलेले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. ट्रॅक्टर 8 लाखांचा, दहा वर्षे चालेल, शेवटी 80 हजारांना जाईल. वर्षाचा घसारा 72 हजार. अडकलेल्या पैशाची सरासरी 4 लाख 40 हजार, त्यावर 11 टक्क्यांनी व्याज 48 हजार 400. विमा आणि शेडचे 16 हजार. झाले 1 लाख 36 हजार. हा खर्च ट्रॅक्टर उभा असला तरी होतो. कोरडवाहू गावात ट्रॅक्टर वर्षाला 500 तास चालला तर तासाला 273 रुपये पडतात. मग चालता खर्च: साडेचार लिटर डिझेल 90 रुपयांनी 405, ऑइल-ग्रीस 40, दुरुस्ती 80, ड्रायव्हर 75. हे 600. कुट्टी मशीन 2 लाखांचे, त्याचा घसारा आणि व्याज मिळून वर्षाला 30 हजार, पण ते चालते हंगामात 150 तास. म्हणजे तासाला 200, आणि पात्यांचे 65. सगळी बेरीज 1,138. शेतकऱ्याने पेंढ्या टाकायला माणसे आपली लावली, तरीसुद्धा.

आणि हा 800 घेतो! त्याला तोटा का दिसत नाही? कारण डिझेल, ऑइल आणि ड्रायव्हर वजा जाता संध्याकाळी तासामागे 280 रुपये खिशात राहतात. त्याला वाटते कमाई झाली. तो आपला ट्रॅक्टर तासातासाने विकून खात असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2003 च्या दुष्काळात मी नुकताच बी.एस्सी. ॲग्री होऊन घरी आलो होतो. घसाऱ्याचे सूत्र तोंडपाठ होते, परीक्षेत त्याला मार्कही चांगले मिळाले होते. वडील सात वर्षे गावाची नांगरट करत होते. "शेजाऱ्याकडून काय जास्त घ्यायचे" हा त्यांचा दर. टायर गेले, इंजिनाचे काम निघाले, हप्ते थकले आणि बँकेची माणसे ट्रॅक्टर घेऊन गेली. त्या सात वर्षांत सुट्टीला आलो की मी त्याच ट्रॅक्टरवर बसत होतो. त्याचा हिशेब एकदाही मांडला नाही.

भावांनो, आपण सरकारशी कशावरून भांडतो? सरकार ए-टू अधिक घरची मजुरी एवढाच खर्च धरून दीडपट म्हणते, आणि सी-टू मधला स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचे व्याज सोडून देते. बरोबर, भांडलेच पाहिजे. पण त्या ए-टू मध्ये निदान अवजारांचा घसारा तरी असतो. आपण आपल्या ट्रॅक्टरचा तोही धरत नाही! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यात आंधळेही आपण आणि कुत्रेही आपणच.

आता तुम्ही म्हणाल, मग जिल्ह्यात सगळीकडे 1,140 दर बांधून टाका. तालुक्याच्या काही कार्यकर्त्यांनी तसा ठराव लिहूनही आणला आहे. मी त्या ठरावाच्या विरोधात आहे. सरकारने आपल्या मालाचे भाव बांधले की आपण रस्त्यावर येतो, आणि दीड एकरवाल्या शेजाऱ्यावर आपणच दर लादायचा? त्याला परवडण्याची हद्द वेगळी आहे. वाचलेल्या कडब्याच्या किमतीपेक्षा कुट्टी महाग पडली, तर तो कोयत्याने तोडून घालील. त्याचे काही चुकत नाही.

दर उतरवायची खरी जागा दुसरीकडे आहे. तोच ट्रॅक्टर 800 तास चालला आणि मशीन 300 तास, तर 273 चे 170 होतात, 200 चे 100 होतात. तासाचा खर्च 935 वर येतो. दोनशे रुपये कमी झाले आणि कुणाच्या खिशातून गेले नाहीत. तास वाढतात कसे? आज मशीन या वस्तीवर अर्धा तास, मग तीन किलोमीटर पलीकडे, मग परत इकडे. तिथे माणसे गोळा व्हायची असतात, गंज उघडायची असते. एका वस्तीवरच्या दहा जणांनी एकच दिवस धरला, चिठ्ठ्या टाकून नंबर लावले, तर मशीन जागेवरून हलत नाही. आपल्याकडे इर्जिक, सावड होतीच. बैल गेले म्हणून ती मोडायला नको होती.

तासावर की शेकड्यावर, हाही वाद. शेकड्यावर घेतले की त्या वर्षी गावातल्या पेंढ्या एकदम जाड होतात, दोन हातांच्या कवेत मावत नाहीत. तासावर घेतले की पाती बोथट असली तरी मशीनवाल्याला घाई नसते. माझे मत तासाचे, पण ट्रॅक्टरच्या मीटरवर. सुरू करताना आकडा दोघांनी पाहायचा, पाती धार लावूनच आणायची, आणि पाव तासापेक्षा जास्त खोळंबा झाला तर तो ज्याच्यामुळे झाला त्याचा. डिझेल शेतकऱ्याने घालावे. म्हणजे 1,140 मधले 405 बाजूला होतात, 735 भाडे उरते आणि डिझेलचा भाव हलला की नव्याने भांडायला नको.

उधारीचे बोलतो. सुगीचे भाडे दिवाळीला मिळणार असेल तर ते तेवढेच भाडे नाही, सात-आठ महिन्यांचे व्याज त्यातून गेले. रोखीचा आणि उधारीचा दर वेगळा सांगा, तोंडावर सांगा. पैसे नसतील तर काम द्या. मात्र मायबहिणींचा कणसे मोडण्याचा दिवस मांडताना त्या दिवशी गावात चालू असलेली मजुरी धरा. घरची बाई आली म्हणून तिचा दिवस फुकट धरू नका. बाईचा दिवस फुकट धरणाऱ्याने घामाच्या दामाची घोषणा द्यायला येऊ नये, असे मी स्पष्ट म्हणतो.

ठरावाऐवजी माझी सूचना एवढीच आहे. काढणी सुरू होण्याआधी प्रत्येक गावातल्या ट्रॅक्टरवाल्याने आपला हिशेब शाखेच्या फळ्यावर खडूने लिहावा, खरेदीची किंमत, हप्ता, वर्षाचे तास, सगळे. खाली तो घेणार असलेले भाडे लिहावे. कमी घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे, किती सोडले ते दिसू द्यावे. ज्यांना भाडे द्यायचे आहे त्यांनी फळ्यासमोर उभे राहून आकडे खोडून काढावेत. माझे धरलेले आकडेही खोडा. आता ठराव मांडणाऱ्यांनी बोलावे, पण बोलण्याआधी आपल्या ट्रॅक्टरच्या मीटरवर आज किती तास आहेत, तेवढे सांगावे.