औषध, विष आणि कायदा

(घाटकोपर येथें श्रमकरी स्त्रीपुरुषांच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आजचा विषय घराघरांतला आहे, पण घराबाहेर कोणी काढीत नाहीं. ज्या घरांत नशा शिरली तें घर ती लपवितें. ज्या घरांत शिरली नाहीं तें शेजाऱ्याकडे बोट दाखवून मोकळें होतें. आम्ही येथें कोणास नांवें ठेवण्यास उभे नाहीं. अफू, गांजा, दारू, गर्द, झोपेची गोळी, खोकल्याचें औषध ह्या वस्तु काय आहेत, त्यांपासून बरें काय होतें, वाईट काय होतें आणि कायदा त्यांबद्दल काय म्हणतो, हें साध्या भाषेंत सांगावें एवढाच आमचा हेतु आहे.

पहिली गोष्ट ही कीं, मनुष्य जसा जन्मानें पवित्र किंवा अपवित्र नसतो, तशीच वस्तुहि नसते. एकच वस्तु एका हातांत औषध होते व दुसऱ्या हातांत विष. तेव्हां कोणतीहि गोळी, पुडी किंवा बाटली समोर आली म्हणजे तीन प्रश्न विचारावे: किती द्यावयाची? देणारा कोण? आणि फायदा कोणाचा? हे तीन प्रश्न विचारण्याची संवय ज्या घराला लागली, त्या घरीं ना भोंदू टिकेल, ना पुडीवाला.

अफूचेंच उदाहरण घ्या. दिवाळीच्या अनरशाला आपल्या आयाबहिणी जी खसखस लावतात, ती ह्याच झाडाचें बीं. तिनें कोणी झिंगत नाहीं. त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाला चिरा दिल्या म्हणजे जो चीक गळतो, ती अफू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सर्टुर्नर नांवाच्या जर्मन औषधविक्यानें अफूपासून मॉर्फिन वेगळें काढलें. कर्करोगानें तळमळणाऱ्या माणसाच्या वेदना शमविणारें त्यासारखें औषध आजहि थोडेंच आहे. मग १८९८ सालीं बायर ह्या कंपनीनें मॉर्फिनपासून केलेलें हेरॉईन खोकल्याचें औषध म्हणून बाजारांत आणलें. त्याच हेरॉईनचा अशुद्ध प्रकार म्हणजे आपल्या गल्लींत ज्याला गर्द म्हणतात तें. झाड एक, स्वयंपाकघर त्याचेंच, रुग्णालय त्याचेंच आणि रुळांच्या कडेला पडलेला पोरगाहि त्याचाच.

आतां मुंबईची एक जुनी गोष्ट ऐका. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं येथील गिरण्यांत हजारों बाया कामाला जात. तान्हें मूल चाळींत टाकून जावयाचें, आणि काम दहा-दहा तासांचें. तें मूल रडूं नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. १९२२ सालीं ह्या बायांच्या बाळंतपणाची सरकारी पाहणी झाली, तींत असें आढळलें कीं, गिरणींतल्या बहुतेक सर्व बायांच्या मुलांना अफू दिली जाते. शहाणे लोक म्हणाले, "काय ह्या अडाणी आया!" आम्ही विचारतों, त्या आईला मूल घेऊन बसायला पाळणाघर कोणीं दिलें होतें? पगारी बाळंतरजा कोणीं दिली होती? गिरणी मालकाची, आणि बाळगोळी आईच्या हातांत! आजार रेड्याला अन् डाग पखालीला, तो हा असा. नशेच्या मागें पुष्कळदां चैन नसते, थकवा असतो, भूक असते, पाठदुखी असते. तें दुखणें तसेंच ठेवून नुसता उपदेश केला तर तो वाऱ्यावर जातो.

आणि कमाई कोणाची? माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई. चीनच्या सरकारनें ती अडविली म्हणून इंग्रजांनीं १८३९ ते १८४२ अशी लढाई केली, आणि पुढें १८५६ ते १८६० अशी दुसरीहि. त्या व्यापारांत मुंबईचे मोठमोठे व्यापारी गबर झाले. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं चीनच्या व्यापारांत अफू व कापूस ह्यांवर संपत्ति मिळविली आणि तिच्यांतून दानधर्महि केला. १८४५ सालीं उभें राहिलेलें जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीचें. दान मोठें खरें, पण पैसा कोठून आला हेंहि लक्षांत ठेवावें.

दारूची गोष्ट तशीच. १८७८ च्या आबकारी कायद्यानें दारू गाळणें व विकणें सरकारच्या व मक्तेदाराच्या मुठींत गेलें. १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरहि कायदा बसला. आपलें घाटकोपर तेव्हां ठाणें जिल्ह्यांतलेंच गांव. रानांतलें फूल वेंचणारा आदिवासी गुन्हेगार, आणि मक्त्याची भट्टी लावणारा शेट प्रतिष्ठित! १८८० सालीं जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद होते. शहरांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं तेव्हां त्यांनीं लेखी विरोध केला. जोतीरावांनीं बोट दारुड्याकडे नव्हे, दुकानाकडे दाखविलें. आमच्या चळवळीचा हाच धडा आहे.

कांहीं नशा देवाच्या नांवावर खपतात. शिवरात्रीला भांग, साधूच्या चिलमींत गांजा. म्हणे हा शंकराचा प्रसाद. शंकराच्या नांवानें चिलीम ओढणाऱ्या बुवाच्या पायां पडावयाचें, आणि तीच चिलीम हमालानें ओढली कीं त्याला लाथ मारावयाची, हा कोणता न्याय? गाडगेबाबा खराट्यानें गांव झाडीत आणि कीर्तनांत दारूविरुद्ध बोलत. ज्या धर्मानें माणूस शुद्धींत राहतो तोच धर्म.

आतां गर्दाकडे येऊं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या अडीच लाखांच्या सुमारास गिरणी कामगार संपावर गेले. त्यांचे पुढारी डॉ. दत्ता सामंत हे ह्याच घाटकोपरच्या पंतनगरांत दवाखाना चालवीत असत, आणि येथील खाणींतल्या दगडफोड्या मजुरांपासून त्यांनीं कामगारांचें काम सुरू केलें. संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या. त्याच दशकांत मुंबईच्या गल्लींत गर्द शिरलें. संपामुळेंच गर्द आलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण रिकामा हात आणि आशा नसलेलें मन ह्यांच्यासारखें गिऱ्हाईक पुडीवाल्याला दुसरें कोणतें? त्या वेळीं अनिल अवचट ह्यांनीं गर्दाच्या तावडींत सांपडलेल्या मुलांवर लिहिलें. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांनीं पैशाचें साहाय्य केलें, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास डॉ. अनिता अवचट ह्यांच्या पुढाकारानें मुक्तांगण हें व्यसनमुक्तीचें केंद्र सुरू झालें. तेथून हजारों माणसें बरीं होऊन घरीं गेलीं. गर्द बंद झालें कीं अंग मोडून येतें, उलट्या होतात, झोंप उडते. हें ढोंग नव्हे, दुखणें आहे. दुखण्याला डॉक्टर लागतो. चाबूक, साखळी आणि अंगारा लागत नाहीं.

कायदा काय म्हणतो तें नीट ऐका, कारण अज्ञानाची किंमत गरिबाला तुरुंगांत मोजावी लागते. अंमली पदार्थांचा मध्यवर्ती कायदा १९८५ चा आहे. त्यांत शिक्षा वजनावर ठरते. गर्द ५ ग्रॅमपर्यंत आणि गांजा १ किलोपर्यंत असेल तर ती थोडी मात्रा. तिला एक वर्षापर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गर्द २५० ग्रॅम आणि गांजा २० किलो ह्यांच्या वर गेला कीं तो व्यापार. त्याला कमींत कमी दहा वर्षें, आणि वीस वर्षांपर्यंत सक्तमजुरी. अशा खटल्यांत जामीन मिळणें महाकठीण. भांगेचीं नुसतीं पानें ह्या कायद्यांत येत नाहींत. पण राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचें बंधन त्यांवर आहे. एम. डी. नांवाची भुकटी २०१५ च्या आरंभापर्यंत ह्या कायद्याच्या यादींतच नव्हती. तोंवर विकणारे निर्धास्त होते. रसायन पुढें पळतें आणि कायदा मागून धांपा टाकीत येतो!

म्हणून आईबापांनो, दोन गोष्टी पदरच्या गांठीला बांधा. एक: "ही पिशवी तेवढी त्या गाडीवाल्याला दे, पांचशें रुपये घे," असें कोणी आपल्या पोराला म्हणाला तर तो त्याच्या आयुष्याचीं दहा वर्षें पांचशें रुपयांत विकत घेतो आहे. माल ज्याच्याजवळ सांपडला त्यालाच 'मला ठाऊक नव्हतें' हें सिद्ध करावें लागतें. पोलिसांना अंगझडती घ्यावयाची असेल तर ती मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर व्हावी असें सांगण्याचा हक्क आहे, तोहि त्याला शिकवा.

दुसरी गोष्ट ह्याहून मोठी. ह्याच कायद्यांत कलम ६४-अ आहे. जो व्यसनी स्वतः होऊन सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रांत उपचार घेतो व ते पुरे करतो, त्याच्यावर नशा केल्याबद्दल किंवा थोडी मात्रा जवळ बाळगल्याबद्दल खटला चालत नाहीं. उपचार अर्धवट टाकला तर मात्र ही सूट काढून घेतां येते. किती आया मुलाला दवाखान्यांत नेत नाहींत, कां, तर "पोलिस धरतील"! त्यांच्या कानांवर हें कलम गेलेंच नाहीं. १४४४६ ह्या क्रमांकावर फुकट फोन करून सल्ला मिळतो. तो क्रमांक देवळाच्या, विहाराच्या व मशिदीच्या भिंतीवर लिहा.

औषध कायदेशीर आहे म्हणून तें निर्धोक असतें असेंहि समजूं नका. १९८६ च्या आरंभीं त्याच जे. जे. रुग्णालयांत विषारी डायएथिलीन ग्लायकोल मिसळलेलें ग्लिसरीन रोग्यांना दिलें गेलें आणि १४ माणसें दगावलीं. न्यायमूर्ति लेंटिन ह्यांच्या आयोगानें औषधखात्यांतील भ्रष्टाचाराचीं लक्तरें वेशीवर टांगलीं. तरी २०२५ सालीं मध्यप्रदेशांत छिंदवाडा भागांत तेंच विष खोकल्याच्या औषधांतून लहान मुलांच्या पोटांत गेलें. कित्येकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें, आणि वीसाहून अधिक बालकें गेलीं. मालवणीस जून २०१५ मध्यें हातभट्टींत मिथेनॉल मिसळल्यामुळें शंभरावर माणसें मेलीं. हें मिथेनॉल पोटांत गेल्यावर कांहीं तासांनीं डोळ्यांपुढें धुकें येतें. तेव्हां "उतरेल" म्हणून घरीं झोंपवूं नका, तडक राजावाडीसारख्या मोठ्या रुग्णालयांत न्या. आणि ज्या औषधाच्या पाकिटावर लाल रेघ आहे, तें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून घेऊं नका. कोणी तसें विकत असेल तर औषधखात्याकडे तक्रार करा.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. नशेच्या धाकानें खऱ्या रोग्याला औषध नाकारणें हाहि अन्यायच. मॉर्फिनसाठीं पूर्वीं इतके परवाने लागत कीं पुष्कळ रुग्णालयें तें ठेवीतच नसत. २०१४ सालीं कायदा सुधारून ही वाट सोपी केली. आपल्या देशांत मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश येथें सरकारी परवान्यानें अफू पिकते, तिचा डिंक परदेशांच्या औषधासाठीं जातो. आणि आपल्याच देशांतला शेतकरी कर्करोगानें ओरडत मरतो! घरांत असा रोगी असेल तर "त्याला संवय लागेल" ह्या भीतीनें त्याला तळमळत ठेवूं नका. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणीं वेदना शमविण्याचा विभाग असतो, तेथें विचारा.

तर आमचें मागणें थोडक्यांत असें. सरकारनें पुडी ओढणाऱ्यापेक्षां पुडी पाठविणाऱ्याच्या मागें लागावें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देऊं नये. प्रत्येक वॉर्डांत व्यसनमुक्तीच्या खाटा असाव्या, आणि त्या फुकट असाव्या. औषधांची तपासणी कागदावर नव्हे, प्रयोगशाळेंत व्हावी. आणि आपण काय करावें? व्यसनी माणसाला जातींतून, घरांतून, पंगतींतून टाकूं नये. टाकलेल्या माणसाला उचलणारा पहिला हात पुडीवाल्याचाच असतो. त्याच्या अगोदर आपला हात पोंचला पाहिजे. उद्यां सकाळीं आपापल्या चाळींत असें एक घर असेल तर तेथें जा, दार वाजवा, कलम ६४-अ काय आहे तें त्या माउलीला सांगा, आणि तिच्याबरोबर दवाखान्याच्या रांगेंत उभे राहा.