परदेशातला हिरवा ठिपका



परदेशात राहून आलं की भेटणारा प्रत्येक जण दोन गोष्टी विचारतो. थंडी किती असते, आणि खाण्यापिण्याचं काय करत होता. थंडीचं उत्तर एका वाक्यात देता येतं. खाण्यापिण्याचं तसं नाही, म्हणून आज जरा निवांत सांगते.

२००४ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून जर्मनीतल्या श्टुटगार्टला गेलो आणि पाच वर्षं राहिलो. श्टुटगार्ट हे मोटारींचं गाव. १९६८ पासून ते मुंबईचं भगिनी-शहरही आहे. हे तिथं गेल्यावर कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. पण बहिणीचं घर असलं तरी तिच्याकडे कोथिंबीर असेलच असं नाही, हेही लगेच कळलं.

पहिल्या दिवशी मी दुकानाच्या दारातच अडले. सामान ठेवायची ढकलगाडी साखळीनं बांधलेली. एक युरोचं नाणं घातलं की ती सुटते आणि परत आणून लावली की नाणं मिळतं. माझ्याकडे नाणं नव्हतं, नोट होती. आत गेल्यावर पीठ शोधलं, तर पाकिटांवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे. मला वाटलं गिरणीचा नंबर असेल. खरं तर शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचा तो आकडा असतो. कोंडा जास्त, तितकी राख जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा. हे समजेपर्यंत महिनाभर यजमानांनी माझ्या ४०५च्या पोळ्या खाल्ल्या. बोलले काही नाहीत, फक्त दाढा दुखतात म्हणायचे.

गल्ल्यावरच्या बाई वस्तू अशा वेगानं पुढे सरकवतात की पिशवी उघडेपर्यंत टोमॅटोवर दुधाचा खोका येऊन बसलेला असतो. पिशवी आपणच भरायची आणि तीही चटकन, कारण मागचा माणूस बोलत नसला तरी त्याचा श्वास ऐकू येतो. शनिवारी रात्री दुकानं बंद झाली की थेट सोमवारी उघडणार. रविवारी सकाळी एखादी बेकरी तेवढी उघडी. आपल्याला "जरा कोपऱ्यावरून अर्धा लिटर दूध आण गं" म्हणायची सवय, त्यामुळे पहिले कित्येक रविवार आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो. रविवारी रिकाम्या बाटल्याही काचेच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो, हे आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईंनी मला जिन्यात थांबवून शिकवलं. जिना झाडायची आठवड्याची पाळीही त्यांनीच शिकवली. पहिलं वर्षभर मी त्यांना घाबरूनच होते.

आणि मंडई! शनिवारी शहराच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरायचा, अगदी ताजा माल. मी आपली सवयीनं वांगं दाबून बघितलं. विक्रेत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या मुलाचा गालगुच्चा घेतला. तिथं मालाला हात लावायचा नाही. काय हवं ते सांगायचं, तो निवडून देणार. आता सांगा, भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय भेंडी कशी घ्यायची? त्यासाठी मी तुर्की दुकान गाठलं. १९६१च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार मोठ्या संख्येनं जर्मनीत आले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची किराणा दुकानंही आली. तिथं भेंडी मिळायची, हिरवी मिरची, मसूर, पुदिना, आणि कोथिंबीर चक्क जुडीनं. तिथं मी टोकं मोडली. दुकानदार हसला आणि त्यानंही एक मोडून दाखवली.

बाहेर जेवायला जाणं हा वेगळाच अभ्यास होता. पाणी फुकट येत नाही. बाटली मागवायची आणि ती कधी कधी बिअरइतक्याच किमतीची. बिल मागितलं की "एकत्र की वेगवेगळं?" असा प्रश्न. चार मित्र जेवले तर प्रत्येक जण आपापल्या पदार्थाचे पैसे देतो आणि कोणाला काही वाटत नाही. बिलासाठी हमरीतुमरीवर येणारी आपली माणसं. यजमानांनी एकदा सगळ्यांचं बिल भरलं, तर सहकारी ओशाळून विचारायला लागले, तुमचा वाढदिवस आहे का? कारण ज्याचा वाढदिवस, त्यानंच इतरांना खाऊ घालायचं, अशी तिथली रीत.

पण आमची खरी अडचण शाकाहाराची. त्या भागात माउलटाशन नावाचा पदार्थ फार लोकप्रिय. मोठ्या करंजीसारखं पिठाचं पाकीट, आत पालक आणि पाव दिसतो. मी खुशाल मागवला. दोन घास खाल्ल्यावर यजमानांच्या सहकाऱ्यानं कौतुकानं त्याची गोष्ट सांगितली. म्हणे, उपासाच्या दिवसांत मठातल्या साधूंना मांस वर्ज्य असायचं. तेव्हा कोणीतरी मांसाचा खिमा पालकात मिसळून पिठात गुंडाळला, म्हणजे वरून देवाला दिसायला नको! बोलीभाषेत त्या पदार्थाला "देवाला फसवणारे" अशा अर्थाचं नावच आहे. सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं आणि काटा खाली ठेवला.

म्हणजे मी तशी फार कर्मठ नाही. चुकून गेलं, सोडून दिलं. पण २००५च्या मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी माझ्या सासूबाई आल्या. त्या माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी, आणि साठ वर्षांत अंड्याचा केकही तोंडात घातलेला नाही. त्यांना ना जर्मन येत होतं, ना इंग्रजी. दुकानात प्रत्येक वस्तू हातात घेऊन त्या माझ्याकडे बघायच्या. "हे चालतं का गं?" मी चालतं म्हटलं की गाडीत, नाही म्हटलं की परत फळीवर. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असतो. तिथं त्यांच्यासाठी तो ठिपका म्हणजे मी.

मी काळजीपूर्वक बघत होते हो. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढलेलं, ते काही फळांच्या दह्यातसुद्धा असतं, हे मला माहीत झालं होतं. सॅलडवर "थोडंसंच" डुकराचं मांस भुरभुरवतात, सुपाचं पाणी हाडांचं असू शकतं, हेही. एकादशीची मात्र चिंता नव्हती. बटाट्याच्या बाबतीत जर्मनीसारखा देश नाही.

९ एप्रिलला गुढीपाडवा होता. श्रीखंडासाठी मला एक युक्ती सापडली होती. तिथं क्वार्क नावाचा पदार्थ मिळतो, हुबेहूब आपला चक्का. टांगायला नको, गाळायला नको. डबा उघडायचा, साखर घालून फेटायचं. आईंना ते इतकं आवडलं की "अगं, या लोकांना चक्का येतो आणि श्रीखंड सुचलं नाही?" म्हणून त्या दिवसभर हळहळत होत्या. त्यांनी बरोबर आणलेल्या पांडुरंगाच्या छोट्या मूर्तीला नैवेद्य दाखवला. पुढचे पंधरा दिवस क्वार्क आमच्या घरात रोज होतं.

मग एक दिवस सेंद्रिय मालाच्या दुकानात मी चीज बघत होते. विक्रेतीला सांगितलं, सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत. ती म्हणाली, मग रेनेट कुठलं आहे ते विचारत जा. रेनेट म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते द्रव्य. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. दुसरं सूक्ष्मजीवांपासून तयार होतं. कुठलं वापरलं ते पाकिटावर छापायचं बंधन नाही. "आणि क्वार्कमध्येही थोडं असतं बरं का," ती सहज म्हणाली.

मी घरी आले आणि डबा उलटापालटा करून पाहिला. काही लिहिलेलं नव्हतं. यजमानांकडून डेअरीला पत्र लिहवून घेतलं. आठवड्यानं उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत: आम्ही दोन्ही प्रकारचं वापरतो, अमुक एका डब्यात कुठलं होतं ते सांगता येणार नाही.

यजमान म्हणाले, "सांगू नकोस. नकळत घडलेल्याचा दोष नसतो. उगाच त्यांच्या जिवाला घोर." मला पटलं, म्हणजे पटवून घेतलं. क्वार्क आणणं तेवढं बंद केलं. आईंनी विचारलं तेव्हा संपलंय म्हणाले. पण रोज दुकानात त्या वस्तू उचलायच्या, माझ्याकडे बघायच्या, "हे चालतं का गं?" आणि मी "हो" म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटायचा. साधी साखर असली तरी.

चौथ्या दिवशी भांडी घासता घासता मी सगळं सांगून टाकलं. आई गप्प राहिल्या. मग एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पत्र येऊन चार दिवस झाले. शंका त्याच्याही आधीपासून होती."

"नैवेद्य मी दाखवला होता," त्या म्हणाल्या. "त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन. पण मला काय सांगायचं आणि काय नाही, हे तुम्ही दोघांनी कशाला ठरवलंत?"

दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. एकादशी नव्हती.

आज तिथली परिस्थिती बरीच बदलली आहे. २०१४च्या डिसेंबरपासून युरोपभर हॉटेलांनाही पदार्थात दाणे, दूध, अंडी वगैरे आहे का ते सांगावं लागतं. बऱ्याच पाकिटांवर शाकाहाराची पिवळी-हिरवी खूण दिसते, आणि निव्वळ वनस्पतींपासून केलेल्या पदार्थांच्या फळ्याच्या फळ्या भरलेल्या असतात. तेव्हा विचारण्यावाचून इलाज नव्हता, आणि मला विचारायची लाज वाटायची. उगाच वेळ घेतोय, लोक ताटकळलेत असं वाटायचं.

आईंना अशी लाज नव्हती. त्या दिवसानंतर त्यांनी यजमानांचं भिंग घेतलं आणि पिशवीत टाकलं. मला वहीत शब्द लिहायला लावले: मांस म्हणजे फ्लाइश, अंडं म्हणजे आय, शिवाय म्हणजे ओने. मोडक्या देवनागरीत लिहिलेली ती यादी घेऊन त्या पाकिटावरची अक्षरं जुळवत बसायच्या. पुरेसा वेळ लागायचा. तुर्की दुकानदार त्यांना "तेयझे" म्हणायचा, म्हणजे मावशी. त्यांना बसायला एक खोकं उलटं करून द्यायचा. दोघं आपापल्या भाषेत बोलायचे आणि पुदिन्याचा भाव ठरायचा.

मे महिन्यात तिथं पांढऱ्या श्पार्गलचा, म्हणजे शतावरीच्या कोंबांचा हंगाम असतो. २४ जूनला तो संपतो, म्हणून लोक जत्रेसारखे खायला जातात. आम्ही आईंना घेऊन एका खाणावळीत गेलो. बरोबर बटाटे आणि वितळलेलं लोणी असतं; हॅम नको म्हणून सांगितलं. वाढपी मुलीला आईंनी वहीतून वाचून दाखवलं, "ओने फ्लाइश." मग मला म्हणाल्या, "कशात शिजवलंय ते विचार." माझी जीभ जड झाली, पण विचारलं. ती मुलगी वैतागेल असं वाटलं होतं. ती आत जाऊन आचाऱ्याला विचारून आली: पाणी, मीठ, चिमूटभर साखर आणि लोणी, दुसरं काही नाही. आईंनी पहिला कोंब खाल्ला. "शेवग्याच्या शेंगेचा गर आहे गं. फक्त चोथा टाकावा लागत नाही." परदेशातल्या हॉटेलात त्या पोटभर जेवल्या, ते पहिल्यांदा.

११ मेला अक्षय्य तृतीया होती. आदल्या रात्री आईंनी सांगितलं, चक्का घरी करायचा. साधं दही आणलं, ज्यात दूध आणि विरजण यांखेरीज काही नाही असं दोघींनी भिंगातून वाचलेलं. आईंनी आपला धुतलेला पंचा काढला आणि दही बांधून गॅलरीच्या कठड्याला टांगलं, खाली पातेलं. सकाळी खालच्या बाई वर आल्या. गॅलरीत लोंबणारं पांढरं गाठोडं रस्त्यावरून दिसत होतं. मला वाटलं, आता नियम ऐकायला मिळणार. पण त्यांना कुतूहल होतं. आईंनी त्यांना हात धरून आत नेलं, पातेल्यातलं पाणी दाखवलं, चक्का दाखवला. नैवेद्य झाल्यावर वेलदोडा, केशर, वर चारोळी घातलेली श्रीखंडाची वाटी घेऊन आम्ही दोघी खाली गेलो.

बाईंनी वाटी हातात घेतली, वास घेतला आणि मग जरा संकोचून मला विचारलं, "यात दाणे-सुकामेवा काही नाही ना? मला चालत नाही. एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं."

मी आईंना सांगितलं. म्हटलं, वरच्या चारोळ्या काढून देऊ का?

"काढून कसं चालेल? लागलेलं असेल ना आत." आईंनी त्यांच्या हातातली वाटी परत घेतली आणि त्या जिना चढायला लागल्या. वर डब्यात थोडा चक्का शिल्लक होता. त्यांनी नवी वाटी घेतली, ती धुतलेलीच होती, तरी पुन्हा धुतली.