खाडीकाठचा 'प्रभाकर'

खाडीकाठच्या पेण गावी १८१५ साली जन्मलेले गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजेच भाऊ महाजन, हे मराठी वृत्तपत्रसृष्टीतील एक आद्य संपादक होत. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८४० साली अस्तंगत झाल्यावर, रयतेस स्वभाषेत विचार करावयास लावणारे पत्र असावे, या निष्ठेने भाऊ महाजनांनी २४ ऑक्टोबर १८४१ रोजी मुंबईत 'प्रभाकर' साप्ताहिक सुरू केले. पुढे १८५३ मध्ये 'धूमकेतू' व १८५४ मध्ये 'ज्ञानदर्शन' त्रैमासिकही चालविले. तथापि त्यांची चिरस्मरणीय कामगिरी हीच, की समाजाच्या जडतेवर निर्भीड प्रहार करणारी समाजसुधारक लोकहितवादींची 'शतपत्रे' १८४८ पासून 'प्रभाकर'मध्येच प्रसिद्ध झाली. १८९० साली नागपुरास भाऊ महाजनांचे देहावसान झाले.